विहिणीला न दिलेल्या शिव्या

आमच्याकडे लग्नात विहिणीला शिव्या देतात. गाण्यातून, ठेक्यात आणि भरपंगतीत. नवरदेवाची आई पाटावर बसली की मुलीकडच्या बायका मागे गोळा होतात आणि तिच्या नाकापासून तिच्या माहेरच्या म्हशीपर्यंत काही म्हणता काही सोडत नाहीत. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी जरा दम धरावा. मीही एकेकाळी अशाच भुवया वर केल्या होत्या, आणि त्याचा भोग माझ्या मायच्या वाट्याला आला.

माय ही गाणी म्हणण्यात पटाईत होती. नरडाण्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. आजूबाजूच्या गावांत लग्न निघालं की आमंत्रणाबरोबर निरोप यायचा, आबा नाही आले तरी चालेल, पण वहिनीला धाडा. आबा म्हणजे माझे वडील. तिचा आवाज काही गोड नव्हता. जाड होता, खरबरीत होता. पण ती एक ओळ टाकायची आणि मागच्या पंधरा-वीस बायका ती उचलून धरायच्या, तेव्हा मांडव दणाणून जायचा. विहिणीचं लुगडं, चालणं, खाणं बघून ती जागच्या जागी गाणं रचायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे सगळं अहिराणीत, म्हणजे आम्ही घरात, शेतात, विहिरीवर जे बोलायचो त्यात.

मी मात्र धुळ्याला मावशीकडे राहून शिकले. शाळेच्या पहिल्याच दिवशी उभी राहून म्हणाले, "बाई, माले पानी पेवाले जावानं शे." अख्खा वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या. मी तहानलेलीच खाली बसले. दहा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी जी तोंड सांभाळून बोलायला लागले ती लागलेच. पुढे मास्तरीण झाले तेव्हा तर माझ्या शुद्ध बोलण्याचं दिपोटीसाहेबांनी, म्हणजे तपासणीला येणाऱ्या साहेबांनी, सगळ्यांदेखत कौतुक केलं. माझ्या वर्गात एखादी पोर 'शे' म्हणाली की मी तिला उभी करून 'आहे' असं दहादा म्हणायला लावायची. बठ्ठ्या वर्गासमोर. बघा, 'सगळ्या' म्हणायचं तर आलाच आमचा शब्द. सत्तरी ओलांडल्यावर आता तो आपोआप येतो आणि मी त्याला येऊ देते.

माझं लग्न जळगावच्या घरात ठरलं. हे हायस्कुलात शिक्षक, सासरे कचेरीत मोठे कारकून. बघायला आले तेव्हा सासूबाई इतकं स्वच्छ, छापल्यासारखं बोलल्या की माझी छाती दडपली. लग्नाला चार दिवस उरले होते. माय ओसरीवर हळद कुटत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "माय, पंगतीत गाणी नकोत."

तिने मुसळ थांबवलं. "काबर?"

"शहरातली माणसं आहेत गं. त्यांना नाही आवडायचं. अपमान वाटेल."

"याहीनलेबी?" विहिणीलाही?

"त्यांना तर सगळ्यात जास्त."

मायने उखळातली हळद हाताने सारखी केली. मग "तुनी मरजी, माय," म्हणाली आणि पुन्हा हळद कुटायला लागली. आमच्याकडे लेकीलाही लाडाने माय म्हणतात.

वऱ्हाड नरडाण्याला रेल्वेतून उतरलं आणि बैलगाड्यांतून गावात आलं. लग्न लागलं. विहिणीची पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदीचे लाडू. सासूबाई मधल्या पाटावर बसल्या. आमच्या बायका पदर खोचून मागे येऊन उभ्या राहिल्या आणि मायकडे बघायला लागल्या. माय वरणाच्या पातेल्यात बघत होती. एकीने तिला कोपराने ढोसलंसुद्धा. तिने नुसती मान हलवली. मग भुरके ऐकू येत राहिले, भांड्यांचे आवाज येत राहिले, गाणं काही आलं नाही. सासूबाईंनी अर्धी बट्टी खाल्ली, लाडूला हात लावला नाही, हात धुतले. आणि मी, कर्म माझं, मुंडावळ्यांआडून हे बघत होते आणि मनात म्हणत होते, किती सभ्य लग्न झालं माझं!

सासरी मला काही कमी नव्हतं. सासूबाई कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. पण त्यांनी माझ्या माहेरी पाऊल टाकलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला भाऊ यायचा, त्याला चहा-पाणी व्हायचं, माझी पिशवी भरली जायची. "तुम्हीही चला" म्हटलं की "बघू पुढे" असं उत्तर यायचं. एकदा माय स्वतः आंब्यांची पाटी घेऊन गाडीने जळगावला आली. सासूबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, कपबशीतून चहा दिला, "पीकपाणी काय म्हणतंय" असं विचारलं. दोघी विहिणी समोरासमोर अशा बसल्या होत्या की दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बायकासुद्धा जास्त बोलतात. माय संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना मला दारात म्हणाली, "तुनी सासू माले मानस नही." मला ती मानत नाही. तिचे डोळे भरले होते. मी सासूबाईंवर मनातल्या मनात जळफळले. शहरी मिजास, दुसरं काय!

त्याहून वाईट म्हणजे मायने गाणं सोडलं. पहिल्यांदा चुलतभावाच्या लग्नात कळलं. बायका आग्रह करून थकल्या, ती म्हणाली, "गया बसना मना," माझा गळा बसलाय. पुढच्या लग्नालाही तेच. मग कुणी बोलवेनासं झालं. गळा कसला बसतोय! दुसऱ्या दिवशी ती शेतातून गड्याला हाक मारायची ती पार नदीपर्यंत ऐकू जायची. मला कळत होतं, आणि मी कळून न कळल्यासारखं करत होते.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. मला सातवा महिना लागला होता. रविवारची दुपार. सासूबाई सूप घेऊन दादर निवडत होत्या, दादर म्हणजे आमची हिवाळी ज्वारी. हे वाचनालयातून आणलेलं मासिक मोठ्याने वाचून दाखवत होते. ही त्यांची खोड होती, घरातल्या सगळ्यांना शहाणं करायची. त्या दिवशी आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या डोंगरांतल्या लोकांवर लेख होता. तिथे फ्रेंचांविरुद्ध लढाई चालू होती. त्या लोकांना जग बर्बर म्हणतं, पण ते स्वतःला ज्या नावाने हाक मारतात त्याचा अर्थ 'स्वतंत्र माणसं' असा होतो, असं लिहिलं होतं. अरब यायच्या कितीतरी आधीपासूनचे ते तिथले. मुलं शाळेत फ्रेंच शिकतात, मशिदीत अरबी कानावर पडते, आणि त्यांची स्वतःची बोली घरात आणि डोंगरात तेवढी उरते. शाळेत तिला जागा नाही, कचेरीत नाही. त्यांच्यातले काही जण आता म्हणायला लागले होते की आम्ही कोण आहोत ते आम्हाला आमच्या तोंडाने सांगू द्या.

मला त्या लोकांबद्दल फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. सोमवारी वर्गात मी पुन्हा एखाद्या पोरीला 'आहे आहे' म्हणायला लावणार होते, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

लेखात एका बाईचा फोटो होता. हनुवटीवर गोंदलेलं. यांनी तो आईला दाखवला. सासूबाईंनी फोटो निरखून बघितला आणि स्वतःच्या हनुवटीवरच्या तीन हिरव्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "यांची बोली शाळेत नाही, पुस्तकांत फारशी नाही. मग ती राहिली कशात इतकी वर्षं?"

"बायकांच्या गाण्यांत," हे म्हणाले. "लग्नाकार्यात म्हणतात म्हणे, आया लेकींना शिकवतात."

"आणि लेक शिकलेली निघाली तर?"

हे हसले. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माझ्या लेकाच्या लग्नात मी पंगतीला बसले होते," त्या म्हणाल्या. "अमळनेराकडच्या खेड्यातली आहे मी. लग्न होऊन इथे आले आणि यांच्या कचेरीतल्या बायकांमध्ये बोलायचं म्हणून जीभ वळवून घेतली. तीस वर्षं झाली त्याला. मनात म्हटलं, सूनबाई खेड्याची आहे, मांडवात तरी कानावर पडेल. माझी आई, माझी काकू, सगळ्यांना त्यांच्या विहिणींनी पोटभर शिव्या दिल्या होत्या. मी वाट बघत बसले. घास उतरेना. माले कोनी एक शिवी दिधी नही." शेवटचं वाक्य त्या अहिराणीत बोलल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. "ज्या विहिणीला शिव्या मिळत नाहीत तिला त्या घराने आपली मानलेली नसते. मग मी कोणत्या तोंडाने जाऊ तुझ्या माहेरी?"

यांनी मासिक मिटलं. माझे कान तापले. इकडे ही म्हणते त्यांनी मला मानलं नाही, तिकडे माय म्हणते हिने मला मानलं नाही, आणि दोघींच्या मध्ये मी, धुळ्याची ट्रेनिंग झालेली मास्तरीण! मला रडूच फुटलं. रडत रडत सगळं सांगून टाकलं. हळद कुटणारी माय, 'तुनी मरजी', तिचा बसलेला गळा, सगळं.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू थांबवलंस?"

मी मान डोलावली.

"अगं भवाने!" त्या म्हणाल्या. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते हेच का गं? तीन वर्षं मी त्या बाईवर रुसून बसले!" मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा दादर निवडायला लागल्या. खडे कुठले आणि दाणे कुठले, काही दिसत नसणार त्यांना.

माझं बाळंतपण अवघड जाणार असं दिसत होतं, म्हणून ते जळगावलाच दवाखान्यात झालं. मुलगी झाली. मला प्रवास नको म्हणून बारसंही सासरीच ठरलं. माय गावाहून एकटीच आली, कपाशीची वेचणी चालू होती म्हणून दुसरं कुणी निघू शकलं नाही. डिंकाचे लाडू घेऊन आली, आणि पहिल्यासारखीच खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनीच बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही म्हणून.

पाळणा झाला, नाव ठेवलं. गल्लीतल्या, कचेरीतल्या पंधरा-एक बायका आलेल्या. पानं वाढली. खरं तर यजमानीणबाईने शेवटी जेवायचं. पण सासूबाईंनी स्वतः पाट ओढला, पानावर दोन लाडू वाढून घेतले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "याहीनबाई, मी जेवाले बठनू. आते व्हवू द्या." विहीणबाई, मी जेवायला बसले, आता होऊ द्या.

कचेरीतल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. माय उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिचा विश्वास बसत नव्हता. आणि मग तिने काय करावं, तर तिने माझ्याकडे बघितलं. लेकीची परवानगी! माझ्या मायने, जिच्या गाण्यावर मांडवच्या मांडव हसून लोळायचे, तिने माझ्याकडे भीत भीत बघितलं. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जोरजोरात मान हलवली.

मायने पदर खोचला, घसा खाकरला आणि ओळ टाकली.

"याहीन उनी गाडीमा, लाडू बांधे साडीमा..."

विहीण गाडीतून आली आणि लाडू साडीत बांधायला लागली. आवाज तोच, जाड, खरबरीत. आणि ती थांबली. ओळ टाकून थांबायचंच असतं. मागच्यांनी ती उचलायची असते. आपल्या माणसांनी. त्या खोलीत तिचं माणूस एकच होतं, मांडीवर बाळ घेऊन बसलेलं.

मी तोंड उघडलं. पण ती चाल मला येत नव्हती. लहानपणी शेकडो वेळा ऐकली होती, तरी कुठे आवाज उचलायचा, कुठे ओढायचा, काही म्हणजे काही सुचेना. मी धुळ्याला जे तोंड मिटलं होतं ते आता उघडूनही उपयोग नव्हता. माय वाट बघत होती.

तेवढ्यात पाटावरून आवाज आला. सासूबाई. हातात लाडू, तोंड लाजेने लाल झालेलं, आणि त्या म्हणत होत्या, "याहीन उनी गाडीमा, लाडू बांधे साडीमा!" स्वतःलाच दिलेली शिवी, स्वतःच उचलून धरलेली. बारीक, कापरा आवाज, पण चालीत अचूक. मायने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरी ओळ टाकली, पहिलीपेक्षा दहापट चावट. सासूबाईंनी तीही उचलली. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. दोघी विहिणी रडत होत्या आणि गात होत्या, आणि लाडू कुणीच खाल्ला नाही.

दुपारी सगळ्या गेल्यावर माय माझ्याजवळ बसून बाळाची दुपटी घडी करत होती. मी तिला विचारलं, "माय, गाणं म्हटलं नाही तर विहिणीचा मान राहत नाही, हे तुला माहीत होतं ना? मग हळद कुटताना मला का नाही सांगितलंस?"

ती रागावून बोलली असती तर मी सोसलं असतं. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली, "तू मास्तरीन. माले वाटनं, तुले बठ्ठं माहीत व्हई."