टेबलावरचं बकरीचं मुंडकं

ठाण्यात सीटी स्कॅनचं मशीन नवीन आलेलं तेव्हा मी ते चालवायचो. कानाचे एक मोठे डॉक्टर तिथे यायचे. बकरीच्या आतल्या कानाच्या रचनेवर त्यांचा अभ्यास चाललेला. खाटकाकडचं मुंडकं ते तान्ह्या बाळासारखं टेबलावर ठेवायचे, दोन्ही बाजूंनी कापूस लावायचे आणि मला हळू आवाजात सांगायचे, "धक्का लावू नकोस हं." बाहेर जिवंत माणसं बाकावर ताटकळत असायची, त्यांचं काही नाही.

एकदा चेंदणी कोळीवाड्यातली म्हातारी कोळीण आलेली, त्यांचीच पेशंट. तिला सारखी चक्कर यायची. मुंडक्याचे फोटो संपेपर्यंत दुपार झाली. मग तिला टेबलावर आडवं केल्याबरोबर तिला गरगरलं आणि तिने डॉक्टरांची बाही घट्ट धरली. त्यांनी हात झटकला.

"हलू नका म्हटलं ना. तुमच्यापेक्षा बकरी बरी, गप पडून राहते."

म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली, "ती मेलेली हाय, डाक्तर."

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. ते पाठमोरे होऊन मुंडकं टॉवेलात गुंडाळत होते, कानाला धक्का लागू नये म्हणून, दोन्ही हातांनी.