परळच्या चर्चमध्ये अक्काची साक्ष

"मला परळला ने, आमच्या चर्चमध्ये. आणि रविवारीच ने," माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, फर्मान काढलं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण हट्ट सोडेल तर ती अक्का कसली! शनिवारी नगरहून माळशेजमार्गे एसटी धरली.

आळेफाट्याला चहा घेताना तिने जे सांगितलं, ते मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकत होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत आमचे बाबा त्या मेथॉडिस्ट चर्चचे राखणदार होते. चळवळ फाटकाबाहेर ठेवायची, असं पाळकांनी बजावलेलं. पण गल्लीत गोळीबार झाला, चाळीतली पोरं रक्तबंबाळ होऊन आली, तेव्हा बाबांनी कुणाला न विचारता दार उघडलं आणि प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड फाडून पट्ट्या बांधल्या. बारा वर्षांच्या अक्काने ते पाळकांना सांगून टाकलं. बाबांची नोकरी गेली, चर्चच्या आवारातली खोली गेली. सगळे नगरला आले. माझा जन्म तिथलाच.

"त्यांचं चुकलं नव्हतं, एवढं त्या चर्चने एकदा म्हणावं रे. मग मी सुखाने डोळे मिटीन," ती म्हणाली.

शीवला भाचीकडे मुक्काम केला, सकाळी टॅक्सीने परळ. तुम्हीही जायचं तर रविवारीच जा, एरवी फाटकाला कुलूप असतं. चर्चची मंडळी आधी चाळीतल्या एका खोलीत जमायची, मग पत्र्याच्या शेडमध्ये. दगडी इमारत त्यानंतरची. आमच्या खोलीच्या जागी आता हॉल झालाय. अक्का त्याच्या स्टेजकडे बोट दाखवून म्हणाली, "इथं आमची मोरी होती!"

उपासनेत साक्षीची वेळ असते. कुणीही उभं राहून आपल्या आयुष्यातलं सांगावं. अक्का बाकाला धरून उठली. सगळं सांगितलं, स्वतःची चहाडीसुद्धा. कुणी तिला खाली बसवलं तर काय, या धास्तीने मीही माझ्या बाकावरून उठून उभा राहिलो.

तरुण पाळक तिच्याजवळ आले. "आजी, मी तेव्हा नव्हतो, पण चर्च होतं ना. बाबांचं नाव काय?"

"शांतवन."

"शांतवनदादांचं चुकलं नव्हतं. आमचं चुकलं."

बायकांच्या बाकांवरून "आमेन" आलं, मग सगळीकडून. मी चारचौघांत ढसाढसा रडलो.

दादरला मिसळ खाल्ली, अक्काने तर्री दोनदा मागून घेतली, आणि संध्याकाळच्या एसटीने परतलो.

मुंबईची हवा मानवली नाही म्हणून नगरला आलो, असंच बाबा आयुष्यभर सांगत. आम्हीही तेच पुढे सांगत आलो. परवा माझ्या नातीने विचारलं, तर अक्का म्हणाली, "हवा चांगली होती गं. चहाडी मी केली होती. माझं नाव यायला नको, म्हणून त्यांनी जन्मभर हवेला नावं ठेवली."