महिना त्याचा, महिना माझा

भास्कर गेल्याचं मला शाळेच्या ऑफिसात फोनवर कळलं. त्याचे थोरले भाऊ, नाना, पलीकडून एवढंच म्हणाले, "मास्तर, भास्कर गेला... सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि बसल्या जागी गेला." मी "निघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मला पहिल्यांदा आला तो राग. हो, रागच. रडू नंतर आलं, पारोळा मागे पडल्यावर, बसमध्ये. आधी वाटलं, हा गडी असा न सांगता गेलाच कसा? साधं धुळ्याला यायचं तर 'उद्या येतो, नाही परवा येतो, स्टँडवर उभा राहा' असं फोनवर फोन करून डोकं उठवणारा माणूस! आणि महिनाही त्याचाच चालू होता. संगणक त्याच्याकडे होता.

हे 'महिना त्याचा' म्हणजे काय, ते सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात टीव्हीला जोडायचे छोटे घरगुती संगणक आले होते, काहींना आठवत असतील. जेवणाच्या ताटाहून लहान, रबरी बटणांचे. प्रोग्राम कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर लावायचा आणि कानठळ्या बसवणारी किरकिर संपायची वाट बघत बसायचं. मोठे संगणक आले तसे हे बिचारे माळ्यावर गेले आणि माळ्यावरून भंगारात. धुळ्यात शाळेत विज्ञान शिकवता शिकवता मला ते गोळा करून दुरुस्त करायचं वेड लागलं. आई तिच्या अहिराणीत करवादायची, "बठ्ठा घरमा ताराच तारा! हाई काय शे रे भाऊ?" तिला काय सांगणार, कपाळ?

जळगावच्या एका भंगारवाल्याकडे असाच एक संगणक मी उचलला, तर मागून कुणीतरी त्याचं दुसरं टोक धरलं. आडव्या अंगाचा, पांढरा शर्ट केळीच्या चिकाने डागाळलेला. "सोडा मास्तर, मी सकाळीच सांगून गेलो होतो." मी मास्तर आहे हे खिशातल्या दोन पेनांवरून ओळखलं म्हणे! "सांगून गेलात ना? नेला तर नाही?" मीही काही कमी नव्हतो. आमची अशी जुंपली की भंगारवाल्याने वैतागून आतून तसाच दुसरा आणून आपटला. दुसरं टोक धरणारा तो भास्कर. असोद्याचा, केळीचा व्यापारी, जळगावात वखार, तिला लागूनच घर आणि मागे केळी पिकवायची खोली. घरी नेऊन बघतो तर माझ्या संगणकात चित्र उमटेना, म्हणून तो घेऊन मी भास्करकडे गेलो. त्याच्या संगणकातली चित्र काढणारी मोठी आयसी, म्हणजे धातूच्या पायांची काळी चिप, काढून माझ्यात घातली आणि लख्ख पडदा आला. माझी आयसी मेलेली होती, त्याची जिवंत. तसली दुसरी कुठेच मिळेना. मुंबईचा दुकानदार तर फोनवरच हसला. मग ठरलं, एक महिना आयसी भास्करकडे, एक महिना माझ्याकडे.

साबणाच्या डबीत, चांदीच्या कागदात गुंडाळून ती आयसी एसटीने जळगाव-धुळे करायची. पोस्टाने पाठवायची नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, हा त्याचा कायदा. स्वतः यायचं, स्वतः न्यायचं. तो आला की केळीचा फणा, दिवसभर आमची भांडणं आणि आईच्या हातची भाकरी. मी गेलो की सुमनवहिनींचा चहा आणि त्यांची तक्रार, "यांचं ते पेटलं की माझी चटणी राहिली!" कारण मिक्सर लावला की पडद्यावरचं चित्र थरथरायचं आणि भास्कर आतून ओरडायचा. मला मात्र सगळा वेळ एकच धास्ती असायची. ती आयसी मेली तर? आम्ही दोघंही उगाच कुणाच्या दारात उभे राहणारे नव्हतो. माझा स्वभाव तर सरळ तुसडा. जायला कारण उरलं नाही तर मी गेलो नसतो, तोही आला नसता. आणि मला दुसरा मित्र नव्हता.

एका मे महिन्यात ती वेळ आलीच. जळगावचा मे काय असतो ते मी सांगायला नको. संगणक जरा चालला की तापायचा आणि चित्र वितळल्यासारखं खाली घसरायचं. झाकण कापून वर पंखा बसवू, असं मी सांगत होतो. ऐकेल तर तो भास्कर कसला! त्याने संगणक उचलला आणि नेऊन ठेवला केळी पिकवायच्या खोलीत, बर्फाच्या लाद्यांशेजारी. "मास्तर, गार हवा फुकट आहे, पंखा कशाला?" महिनाभर भास्कर त्या ओलसर खोलीत, केळींच्या घडांमध्ये बसून होता. माझी बारी आली म्हणून मी गेलो, आयसी तिथेच बसवून बघायला माझा संगणकही घेऊन. भास्करने आयसीच्या पोटाखाली बारीक पेचकस घालून ती अलगद उचलली आणि टक् असा आवाज झाला... दोघांनीही खाली बघितलं नाही. मग बघितलं. पायांवर हिरवा गंज चढला होता आणि एक पाय मुळापासून तुटून खाली राहिला होता.

"भास्कर्‍या, अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडलो. एरवी त्याने दसपट ओरडून उत्तर दिलं असतं. आता त्याने नुसता घाम पुसला आणि म्हणाला, "मास्तर, आता शिव्या नको. आधी हिले वाचव." त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं. पाय तुटला तिथलं काळं अंग कानशीने घासून आतला धातूचा कण उघडा करायचा आणि त्यावर केसाएवढी तार कथलाने डाखून जोडायची, एवढा एकच उपाय होता. घासणं जरा जास्त झालं की आयसी संपली. मी घासत होतो आणि तो चिमट्यात धरून होता. पंखा बंद, कारण तार उडाली असती. घामाचा थेंब पडू नये म्हणून डोक्याला टॉवेल बांधलेले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. एकदा कानस घसरली. "मेली?" भास्करने विचारलं. मला तरी काय ठाऊक? "गप रहा," मी म्हणालो. शेवटी कण चमकला. मग डाखकाम त्याने केलं आणि पहिल्या झटक्यात तार बसली. आयसी भास्करच्या संगणकात परत बसवून तो लावला. पडदा काळा... काळाच... आणि मग पांढरा झाला. भास्करने मला मिठी मारली, तेव्हा त्याच्या अंगाला केळीचा आणि कथलाचा वास येत होता.

पण आता ती आयसी पुन्हा उपसता येणार नव्हती. पुन्हा काढली की पाय गेलाच. ती ज्याच्या संगणकात बसली, त्याचीच कायमची. मी तोंड वर करून म्हणालो, "ठेव तू. तुझीच होती." आतून माझं काय झालं ते माझं मला माहीत. भास्करने पेचकस उचलला. मग माझ्या संगणकाची चांगली बटणं त्याने काढली आणि आपल्या संगणकाला बसवली. त्याची फाटलेलीच होती. झाकण कापून पंखाही बसवला, माझ्याच म्हणण्याप्रमाणे. वर ऐट अशी की जणू कल्पना त्याचीच! "आता हा एकच. अर्धा तुहा, अर्धा महा. महिना तसाच राहीन." तेव्हापासून आख्खा संगणक उशीत गुंडाळून, बिस्किटाच्या खोक्यात घालून, मांडीवर घेऊन एसटीने फिरत राहिला. कंडक्टर विचारायचा, "काय आहे?" भास्कर सांगायचा, "लेकरू आहे."

तेराव्याला मी पुन्हा जळगावला गेलो. घर माणसांनी भरलेलं. नाना मला आतल्या, भास्करच्या संगणकाच्या खोलीत घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, इथे आता क्रेट ठेवायचे आहेत. यातलं तुमचं काय असेल ते न्या. बाकीचं भंगारवाल्याला सांगून ठेवलंय." नानांचं काय चुकलं? व्यवहार त्यांनाच बघायचा होता. मी संगणक टीव्हीला जोडला. चालू आहे की नाही, ते न बघता उचलायची माझी हिंमत नव्हती. बटण दाबलं. पडदा काळा. पंखा फिरला, पण पडदा काळाच. मनात म्हटलं, तू गेलास आणि हेही घेऊन गेलास ना, भास्कर्‍या... आणि पडदा पांढरा झाला. मी उशी शोधायला वळलो तर दारात वहिनी.

"काय करता मास्तर?"

"नेतो म्हटलं, वहिनी. नानांनी सांगितलं, खोली मोकळी..."

"खोली मोकळी होणार नाही," त्या नानांकडे बघून म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण नाना बाहेर गेले. मग माझ्याकडे वळल्या. "महिना यांचा आहे ना? मग तो सरू द्या. सरला की या अन् घेऊन जा." मी मान डोलवली. वहिनींनी पुढे होऊन बटण बंद केलं. "अन् मास्तर, आमचा महिना आला की आणून द्यायचा. उशीर नको करू."

इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या. सध्या महिना माझा आहे, तो उद्या सरतो. संगणक माझ्या टेबलावर आहे, खोकं खाली आहे, उशी धुऊन वाळत घातली आहे. परवा मी जळगावला निघतो आहे.