मुरगूडचे मासे आणि आक्काचं विरजण

दिवाळीआधी सुट्टी मिळाली की लोक कोकणात जातात. मी माशांचं पोट बिघडलंय म्हणून मुरगूडला गेले!

फोन आक्काचा होता, माझ्या थोरल्या बहिणीचा. तिनं हट्टानं दाजींकडून पाणथळ रानात तळं खोदून घेतलं होतं, त्यात रोहू सोडले होते आणि मासे काही वाढत नव्हते. "औंदा न्हाय वाढलं तर ह्यो माणूस तळं बुजवून ऊस लावतोय बघ. उसाचं बेणं सुदीक सांगून ठेवलंय. तू ये!" तिचा आवाज रडवेला होता. मी नवा डिजिटल कॅमेरा पिशवीत टाकला आणि पुणं सोडलं.

तिकडं जाणाऱ्यांनो, कोल्हापूर स्टँडवर उतरलात की आधी मिसळ खा. पाव मागू नका, तिथं ब्रेडच मिळतो. मग मुरगूडची एस.टी. पकडा. कागलला हायवे सुटतो आणि पुढं निढोरीपर्यंत दोन्हीकडं ऊसच ऊस. रस्ता असा की पोटातली मिसळ नव्यानं ढवळून निघाली. शेजारच्या आजोबांनी चौकशी केली, तर मी सांगितलं, माशांचं तळं बघायला निघालेय.

"मासं व्हय? आमच्या वेदगंगंत फुकट हाईत की!" अख्खी गाडी हसली.

तळं बघून मात्र मी खुळी झाले. बांधावर बगळे, पाण्यात रोवलेले बांबू आणि त्यांना टांगलेली भोकं पाडलेली पोती. मासे पोत्याला तोंड लावून खाद्य ओढतात, फोटो काढून माझा हात दुखला. रात्रीच्या कालवणासाठी दाजींनी एक रोहू कापला आणि मला जवळ बोलावलं. आतडं फुगलेलं, आत कोंडा जसाच्या तसा.

"ह्येला जठरच न्हाय, पावणं. सगळा कारभार आतड्यावर," दाजी मेहुणीलाही पावणंच म्हणतात. "दुकानदारानं पाचक पूड दिलीया, एन्झाइम म्हणत्यात. पेंड-कोंडा पचवाय मदत करती म्हनं. कशाची मदत! पैसं पाण्यात."

एरवी दाजी माशांचं खाद्य तळ्यावरच्या शेडात शिजवतात. दुसऱ्या दिवशी मला फोटो हवा म्हणून चूल घरामागच्या परड्यात मांडली. म्हशीच्या आंबोणासारखं, पेंड आणि कोंडा रटरटा शिजवलेला. पातेलं वाफाळत असतानाच दाजींनी पूड भुरभुरली आणि कॅमेऱ्याकडं बघून झकास हसले.

आक्का शेजारी विरजण लावायला बसली होती. दुधात बोट बुडवून, अजून गरम आहे म्हणून थांबलेली. ती एकदम ओरडली, "आवो, कडकडीत दुधात कोण विरजण घालतंय का?"

"दुधाचा काय संबंध?"

"विरजण मरतंय न्हवं! मग पूड मरत नसंल?"

दाजींनी दुकानदाराचा नंबर सांगितला. मोबाइलला रेंज फक्त माडीवर, म्हणून मी धावत जिना चढले आणि दुकानदाराला फोन लावला. "व्हय की! गार करूनच मिसळायचं. उष्णतेनं एन्झाइमचं कामच थांबतंय. सांगायचं ऱ्हायलंच बघा." मी वरूनच ओरडून सांगितलं. आनंदानं नाचावंसं वाटत होतं आणि त्या माणसाचा रागही आला होता. दाजींनी ते पातेलं म्हशीपुढं ओतलं आणि नवं खाद्य शिजवून पंख्याखाली गार करत ठेवलं. आक्का दर थोड्या वेळानं त्यात बोट बुडवून बघत होती.

निघताना दाजी म्हणाले, "एवढी एक संधी देतो तळ्याला." आक्का माझ्या पिशवीत गुळाची ढेप कोंबत राहिली.

पुण्यात आले आणि फोटोंतून बगळेच सगळ्यांना दाखवले. मला स्वतःला मात्र तो वाफाळत्या पातेल्याजवळचा फोटो आवडतो. त्यात दाजी हसतायत आणि मागं आक्काचं तोंड नुकतंच उघडलंय. हल्ली विरजण लावताना मीही दुधात बोट बुडवून थांबते.

दिवाळी होऊन गेल्यावर आक्कानं फोन केला. जाळं टाकलं होतं. रोहूची पाठ भरलीय, आतडं स्वच्छ आहे, पोती दुपारपर्यंत रिकामी होतात, सगळं एका दमात सांगून झालं.

"आणि दाजी?" मी विचारलं.

"बेणं नगं म्हणून सांगाय गेल्यात," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.