धाटांचं तेल

समजा, तुम्हाला मक्याच्या वाळक्या धाटांतून तेल काढायचंय. धाटं चिरून लोखंडी पिंपात ठासायची, हवा शिरणार नाही असं गच्च झाकण लावायचं आणि खालून जाळ द्यायचा. आत हवाच नाही, म्हणून धाटं पेटत नाहीत. नुसती भाजतात आणि वाफ सोडतात. ती वाफ नळीतून थंड पाण्यात फिरवली, की दुसऱ्या टोकाला काळपट थेंब गळतात. तोवर तुमच्या भुवया होरपळलेल्या असतात आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतलेल्या असतात.

पंपांची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्तरी हेच करत होता. "माझं डोकंही त्या पिंपासारखंच," तो सांगायचा. "हवा आत जात नाही, नुसता धूर निघतो."

पहिला डबा भरला तेव्हा त्यानं तेलात चिंधी बुडवली आणि तिच्या कोरड्या टोकाला काडी लावली. भडका उडाला. "पेटलं!" म्हणत तो आवारभर नाचला. पेटली होती ती चिंधी, हे कळायला त्याला थोरल्या बहिणीचं इंजिन बंद पाडावं लागलं.

धाटं ताईच्या शेतातली, पंपही तिचाच. मिरचीची कोवळी रोपं पाण्यावाचून माना टाकत होती, आणि मिस्तरीनं मोठ्या तोऱ्यात डिझेलच्या टाकीत आपलं तेल ओतलं. इंजिन दोनदा ठसकलं आणि गप्प झालं.

"काय रे, तेल आहे की काढा?"

"तेलच आहे, ताई. जरा पातळ आहे, इतकंच."

"निम्मं पाणी आहे यात! आणि वास किती आंबट!"

"पंपच आहे ना, पाणी चालायला हवं..." मिस्तरी बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

ताई हसली नाही. "रोपं गेली, तर त्याच वाफ्यात तुला पुरीन."

मग सगळा दिवस एकीकडे इंजिन खोलणं, दुसरीकडे विहिरीतून बादल्या ओढणं. 'याला म्हणतात आधुनिक सिंचन,' तो पाठ चोळत पुटपुटला. टाकी धुतली, तुंबलेलं नोझल साफ केलं, ताजं डिझेल भरलं. अंधार पडायच्या आत पंप सुरू झाला. रोपं वाचली.

"आता धाटं मागायला येऊ नकोस," ताई म्हणाली.

मिस्तरी आवारात कधीपासून बंद करून ठेवलेला तो पहिला डबा फेकायला गेला. उलटा केला, तर तेल हलेचना. काढलं तेव्हा पाण्यासारखं वाहत होतं. आता मधाहून घट्ट.

तो डबा घेऊन तसाच परत आला.

"ताई, येणार नाही. पण एवढं सांग, बंद डब्यात, ना ऊन ना वारा, हे घट्ट झालं तरी कशानं?"