गाडी दारात असताना

आमच्या घरात गाडी आली ती आईचं नाव पुढं करून. शोरूममधल्या मुलाला मी तेच सांगितलं, नांदेडात आमच्या गल्लीत तेच सांगितलं, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटतानाही तेच सांगितलं. "आईचं वय झालं आता. एस.टी.चे धक्के किती दिवस खायचे तिनं?" असं म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा मऊ होतो आणि कर्ज काढून गाडी कशाला घेतली, हा प्रश्न त्याच्या तोंडातच राहतो. खुद्द आईला मात्र मी काही विचारलं नव्हतं.

गाडी साधीच, छोटी. आख्खा उन्हाळा मी फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होतो आणि ज्याच्याकडं गाडी आहे त्याला अडवून विचारत होतो. आमच्याकडं गाडीबद्दलचा पहिला प्रश्न 'देते किती?' हा असतो आणि शेवटचाही तोच. बायकोला लाल रंग हवा होता. मी पांढरा घेतला, कारण पांढरी गाडी विकताना बरी पडते म्हणे. अजून घेतली नव्हती तर मी विकायच्या गोष्टी करत होतो, यावर बायको बरेच दिवस मला टोमणे मारत होती. सीएनजी घेतल्यामुळं डिक्कीत सिलिंडर बसला आणि उरलेल्या जागेत दोन पिशव्या ठेवायच्या तरी एकमेकींना धक्के देऊन बसवाव्या लागत. तरीही त्या दिवशी शोरूमवाल्यांनी गाडीवरचं लाल कापड ओढायला लावलं, आईच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी चावी देऊन फोटो काढला, तेव्हा माझा ऊर भरून आला होता हे खरं आहे. आईनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि मला म्हणाली, "सावकाश चालवत जा."

तोवर आई महिन्या-दीड महिन्याला निलंग्याला जायची. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, तिथं असते. नांदेडहून लातूर आणि लातूरच्या स्टँडवर गाडी बदलून निलंगा, असा तिचा प्रवास. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून तिला तिकीट फुकट झालं होतं, त्याचं तिला भारी अप्रूप. कंडक्टरनं आधार कार्ड मागायच्या आधीच ते काढून हातात धरून बसायची. खिडकीची जागा तिला कशी मिळायची हे मला कधी कळलं नाही, पण मिळायची. परत आली की पिशवीत करडईचं तेल, तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी असायची आणि तोंडात आख्ख्या गाडीच्या बातम्या. अमदपूरला चढलेल्या बाईच्या मुलीचं लग्न का मोडलं, चाकूरच्या माणसानं बोअर कुठं घेतला, सगळं. चार दिवसांत येते म्हणून जायची आणि आठवड्यानं यायची. दोघी बहिणी दिवसभर सुनांच्या राज्यात असल्यासारख्या जपून बोलायच्या आणि रात्री अंथरुणावर पडल्या की खरं बोलणं सुरू व्हायचं, असं आईच सांगायची. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

गाडी घेतल्यावर पहिल्या रविवारी मी आईला निलंग्याला घेऊन निघालो. काचा बंद, एसी सुरू, आरशाला वासाची बाटली लटकवलेली. लोहा मागं पडल्यावर आई म्हणाली, "काच जरा खाली घे रे." मी म्हणालो, "आई, धूळ येते. आणि एसी चालू असताना काच उघडायची नसते." ती पदर नाकाला लावून बसली. अमदपूर गेलं. चाकूरच्या अलीकडं तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी गाडी बाजूला घेईपर्यंत तिला उलटी झाली. माझी पहिली नजर सीटवर गेली. कव्हरवरचं प्लास्टिक मी अजून काढलं नव्हतं, त्याचं मला बरं वाटलं, आणि मग मी आईकडं बघितलं. हा क्रम मला अजून खातो. एस.टी.त आयुष्य गेलं तिचं, तिथं कधी तिला मळमळलंसुद्धा नव्हतं.

निलंग्याला आम्ही जेवून निघालो. मावशी म्हणाली, "आक्का, ऱ्हा की." पण मला दुसऱ्या दिवशी सकाळी तास होता आणि गाडी असल्यावर मुक्काम कशाला, असं मला मनापासून वाटत होतं. उजेडात घरी पोचता येतं म्हणून तर गाडी घ्यायची. मावशीनं भरून ठेवलेलं डाळीचं पोतं डिक्कीत मावलं नाही, ते तिनं तसंच परत घरात नेलं.

पुढच्या महिन्यात आईनं निलंग्याचा विषय काढला. मला वेळ नव्हता. ती आपली पिशवी घेऊन एस.टी.नं गेली आणि मी काही बोललो नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. पण लोह्याहून रोज ये-जा करणारे आमचे एक सहकारी आहेत. आई परत आल्यावर एका सकाळी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ते मोठ्यानं म्हणाले, "गेल्या आठवड्यात लोह्याच्या स्टँडवर तुमच्या आई दिसल्या. लातूरच्या गाडीत खिडकीला बसल्या होत्या. काय सर, गाडी विकली का काय?" सगळे हसले. मीही हसलो. त्यात वाईट हेतू नव्हता, आमच्याकडं अशी चेष्टा रोजच चालते. पण पेढे वाटताना मी केलेलं भाषण त्या सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आल्या आल्या मी चपला काढायच्या आधी सुरू झालो. गाडी काय दारात शोभेला ठेवली आहे का? गाडी दारात असताना म्हातारी आई एस.टी.नं फिरते, लोक माझ्या तोंडात शेण घालतील की नाही? जायचं तेव्हा मला सांगायचं, मी नेईन. बायको मध्ये काही बोलायला गेली तर तिच्यावरही ओरडलो. आई भाजी निवडत होती. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बरं. न्हाई जात."

आणि खरंच गेली नाही. मी नेईन म्हणालो होतो, ते नेलंही. पण कसं? पेपर तपासणी नसेल, कुणाचं लग्न नसेल, गाडी सर्व्हिसिंगला नसेल, तो रविवार. बायकोच्या माहेरी बिलोलीला आम्ही सारखे जायचो, कारण बिलोली जवळ आहे. निलंगा लांब आहे, एवढंच माझं उत्तर असायचं. आई दर वेळी एक लिंबू आणि दोन-तीन रिकाम्या कॅरीबॅग घेऊन मागच्या सीटवर बसायची. लातूर येईस्तोवर डोळे मिटून असायची. निलंग्यात पोचल्यावर तास-दोन तास तिला सावरायला लागायचे आणि ती सावरून बोलायला बसते न बसते तोच मी दारात उभा राहून किल्ली हलवायचो. साहेबाचा दौरा असावा तसं आमचं येणं-जाणं चाले. मावशी म्हणायची, "बसली का न बसली, की झालीच उठायची घाई."

एकदा मावशीच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. घर बायकांनी भरलेलं. मावशीनं मला हाताला धरून सगळ्यांच्या मध्ये उभं केलं आणि म्हणाली, "ह्यो माझ्या आक्काचा ल्योक. आक्काला आता एस.टी. सोसंना झाली. बसली की उलट्या. म्हणून ह्यानं मायसाठी गाडी घेतली बघा. असे पोरं कुठं ऱ्हायलेत आता?" बायका कौतुकानं बघायला लागल्या. एकीनं तर आपल्या मुलाकडं रोखून बघितलं.

मी आईकडं बघितलं. तिचा चेहरा अजून पांढराफटक होता. त्याच दिवशी सकाळी औशाच्या पुढं ती माझ्या गाडीत उलटी करून आली होती. ती पाळण्याची दोरी सारखी करत होती आणि माझ्याकडं मुळीच बघत नव्हती. मला तिथल्या तिथं बोलता आलं असतं. मी मान खाली घालून हसलो, आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

परतताना मी पहिल्यांदा आपण होऊन चारही काचा खाली केल्या. बायको-मुलं बिलोलीला होती, गाडीत आम्ही दोघंच. लामजना ओलांडल्यावर मी विचारलं, "मावशीला तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? ल्योक जाऊ देत न्हाई म्हणू?" आई म्हणाली. "ती सारखी इचारायची, का येऊन न्हाई राहिलीस म्हणून. तिच्या सुना ऐकत असत्यात."

मी म्हणालो, "चुकलं माझं. तुला वाटेल तेव्हा एस.टी.नं जा. मी काही म्हणणार नाही."

ती बाहेर बघत होती. वाऱ्यानं तिचे केस कपाळावर आले होते आणि त्या दिवशी तिला लातूरपर्यंत एकदाही मळमळलं नाही. "आता कसं जाऊ?" ती म्हणाली. "आता समद्या निलंग्याला ठावं झालंय मला एस.टी. लागती म्हणून. स्टँडवर उतरले की इचारतील, मग तवा काय झालं व्हतं? तुझं नाव निघंल. ऱ्हाऊ दे."

मी मावशीला फोन करून खरं सांगायला हवं होतं. ठरवलंही होतं. पण आज करू, उद्या करू म्हणत मी तो फोन केलाच नाही, आणि आई पुन्हा त्याबद्दल बोलली नाही तेव्हा मी विषय मिटला असं धरून चाललो. निलंग्याला मी एक चांगला मुलगा होतो. ते नाव मला सोडवत नव्हतं, हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच होतं. हळूहळू आईचं घराबाहेर पडणं कमी झालं. बाजारात गाडीनं, दवाखान्यात गाडीनं, देवळातही गाडीनं. माझ्या मते हे सगळं सुखच होतं.

यंदा बारावीच्या परीक्षा सुरू असताना मावशीचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. सुना शेताच्या कामात आणि हिला वाकायची, चुलीपुढं बसायची बंदी. "आक्का, आठ दिस येऊन ऱ्हा. नुसती जवळ बस," असं तिनं म्हटलं. आईनं माझ्याकडं बघितलं. मला परीक्षेची ड्यूटी होती, रजा मिळणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "आई, एस.टी.नं जा ना. मी स्टँडवर बसवून देतो. मावशीला मीच सांगतो काय ते."

माझ्या अडचणीच्या दिवशी माझा नियम किती सहज मोडला, हे मला बोलून झाल्यावर कळलं. आईला मात्र त्यात काही टोचलं नसावं. तिचा चेहरा इतका उजळला की मला तिच्याकडं बघवेना. तिनं पिशवी भरली, आधार कार्ड शोधून काढलं, आणि मावशीसाठी बायकोकडून बेसनाचे लाडू करून घेतले.

सकाळी मी तिला गाडीतनंच स्टँडवर नेलं. लातूरची एस.टी. लागलेली होती. आई माझ्या पुढं झपाझप चालायला गेली आणि दारापाशी थांबली. तिनं दांडी धरली, पाय उचलला, पायरीपर्यंत नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. मागं माणसं साचायला लागली. मी तिला कमरेला धरून वर लोटायचा प्रयत्न केला, तर तिच्या हाताची पकड सुटली आणि ती माझ्या अंगावर आली. कंडक्टर चांगला माणूस होता. तो वरून हात देऊन म्हणाला, "आजी, घाई न्हाई. सावकाश या." तिनं आणखी एकदा पाय उचलून पाहिला. "पाय उचलंना रे," ती मला हळूच म्हणाली, "काय झालं असंल?"

मला माहीत होतं काय झालं होतं. गेली दोन वर्षं मी तिला दारातून उचलून दारात सोडत होतो. मी तिला बाजूला घेतलं. मागची माणसं चढली आणि गाडी सुटली. आम्ही बाकड्यावर बसलो. मी तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. मावशी वाट बघत असेल आणि आता तिला काय कळवायचं, ते मला सुचत नव्हतं. आईनं डोळे पुसले, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तुझ्या वळखीचं कुणी न्हाई ना रे हितं? मला एस.टी.त चढताना बघितलं असंल तर तुला बोलतील."

"नाही, आई. कुणी नाही," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मी मान वर करून सगळ्या स्टँडवरून एकदा नजर फिरवली.