सत्तेचाळिसाव्या फेरीतल्या बाई

जगातल्या यच्चयावत वाहनांचा मनापासून राग करणारा माणूस कोणी असेल, तर ते आमचे भावोजी. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मुलुंडला राहतात, वय छप्पन्न, आणि पन्नास किलोमीटर पळणं हा त्यांचा रविवार. माझ्या लग्नाला ते मुलुंडहून चेंबूरच्या हॉलपर्यंत पळत आले आणि अक्षता पडताना पहिल्या रांगेत घामाने निथळत उभे राहिले. तेव्हापासून ताई माझ्या सासूबाईंची नजर चुकवते. पायाच्या अंगठ्याचं नख गळून पडलं, तर ते आलेल्या पाहुण्यांना पोह्यांच्या आधी दाखवतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी बारा तासांची शर्यत धरली. मैदानाभोवती एक किलोमीटरची फेरी, पहाटे पाच ते संध्याकाळी पाच. ऐंशी फेऱ्यांचं त्यांचं लक्ष्य तीन वर्षं थोडक्यात हुकत होतं. उकडलेले बटाटे आणि मीठ-लिंबाचं पाणी हातात देणं हे माझं काम. बाराव्या फेरीला एक काळी, कान फाटलेली कुत्री त्यांच्याबरोबर पळू लागली. ती दोन पावलं पुढे गेली की भावोजी वेग वाढवत, भावोजी पुढे गेले की ती. मांजरालाही अहो-जाहो करणारा हा माणूस जाता जाता मला म्हणाला, "बाई जोरात आहेत." मी हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

ऊन चढलं. ती पाण्याला तोंड लावेना. मी म्हटलं, "भावोजी, तिला धरून ठेवू का?"

"अरे, मस्त लय लागलीय. दमली की बसेल ना."

सत्तेचाळिसाव्या फेरीत, माझ्या डोळ्यांदेखत, तिचे पाय दुमडले आणि ती आडवी झाली. भावोजी पाच-सहा पावलं पुढे गेले, वळले, आणि तिला उचलून सरळ दोरीखालून बाहेर आले. आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतः रिक्षाला हात केला.

"कुत्रा नाय बसवत, साहेब," रिक्षावाला म्हणाला. मग त्याने भावोजींचा चेहरा पाहिला आणि मीटर टाकला.

रिक्षात भावोजी तिच्या पोटावर पाणी ओतत होते. "माझ्या हट्टापायी पळाली रे ती," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दवाखान्यात सलाईन, ओले टॉवेल. तास गेला तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "ताप उतरतोय. पण वय झालंय, हृदय अधू आहे. परत रस्त्यावर सोडलंत तर आठवडाभर. औषधं आणि सावली मिळाली तर वर्ष, फार तर."

भावोजींनी तिथूनच ताईला फोन लावला. "अगं, एका बाईंना घरी आणतोय. वर्षभर राहतील."

ताई म्हणाली, "जिना चढवेल का त्यांना?"

"मी उचलून आणीन."

मग फोन मीच हातात घेतला आणि बाई कोण ते ताईला सांगितलं.

आता चौदा महिने झाले. वर्ष भरलं त्या दिवशी घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मध्यंतरी मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे दारातून पाहिलं, तर भावोजी बूट हातात घेऊन बाईंच्या गोधडीजवळ उकिडवे बसले होते. बाईंचं पोट वर आलं, खाली गेलं. भावोजींनी दुसऱ्या श्वासाची वाट पाहिली, मग तिसऱ्या. तिसराही आला, तरी ते उठले नाहीत.